बबे, जेवलीस का?

माझ्या ब्राउझरमधले टॅब कधी बंद होत नाहीत. बंद केला आणि नेमका तोच लागला तर? या भीतीनं सगळे उघडेच! आमच्या ऑफिसातल्या गोष्टींचंही तसंच झालंय. एक सांगायला घ्यावी तर मागे चार उघड्या.

ऑफिस म्हणजे भवानी पेठेत, चादरीच्या दुकानावरची एक खोली. माणसं तीन. सर, म्हणजे मालक. अंबादास, जो डिझाइन करतो आणि दिवसभर काहीतरी खात असतो. आणि मी. मी वेबसाइट बनवते आणि दचकते. फोन वाजला की दचकते. बराच वेळ वाजला नाही तर नेट गेलं की काय म्हणून दचकते. सकाळी अंथरुणातच आमच्या सगळ्या साइट उघडून बघते, एखादी बंद पडली नाही ना!

आई म्हणते, "आधी तोंड धू की. साइट कुठं पळून चालली?"

पळतात गं आई, साइट पळतात!

*

दसऱ्याला सर म्हणाले, "आपली पण यंत्रंच. पूजा करा." मी मनापासून केली. चिमटीनं कीबोर्डवर हळद-कुंकू वाहिलं, वर अक्षता. संध्याकाळी एंटरचं बटण दाबलं ते वर येईचना! आता गेली नोकरी.

सरांनी चष्मा काढून बघितलं. म्हणाले, "असू दे. एक बटण देवाला पोचलं म्हणायचं."

*

खालच्या चादरवाल्या काकांची साइट आम्हीच केली. अमावास्येला काका जिना चढून वर आले. "दुकान बंद आणि ही चालू कशी?"

"काका, साइट दिवसरात्र चालते," सर म्हणाले.

"म्हणून काय तिला सुट्टीच नाही? आमच्याकडं कामगाराला देतो की!"

तेव्हापासून दर अमावास्येला मी त्यांच्या साइटवर ओढलेल्या शटरचं चित्र लावते. पहिल्यांदा लावलं तेव्हा काकांनी चष्म्याआडून नीट बघितलं.

"आणि कुलूप?"

*

कुंभारी गावच्या एक मावशी कडक भाकरी आणि शेंगा चटणी करून विकतात. त्यांच्या साइटवर चॅटची खिडकी ठेवली होती. कुणी साइट उघडली की आपोआप मजकूर येतो, 'नमस्कार, आम्ही आपली काय मदत करू?'

मावशींना मी ते वाचून दाखवलं. "ही कोण बोलतीया? मी अशी बोलती व्हय? तितं लिही, 'बबे, जेवलीस का?'"

"अहो मावशी, गिऱ्हाइकं येतात तिथं!"

"येऊ देत की. बबी बी येईल."

बबी ही मावशींची लेक. स्वतःच्या मनानं लग्न करून सुरतेला गेली. बापानं दार बंद केलं, नंबरही पुसून टाकला. बाप आता नाही. पण बबीला बोलवायचं कसं, हे मावशींना ठाऊक नाही.

"सुरतेत कडक भाकरी कुटं मिळती? आज ना उद्या हुडकंलच की ती!"

सर म्हणाले, "हे प्रोफेशनल नाही." मी पहिल्यांदाच त्यांचं ऐकलं नाही. लिहून टाकलं, आणि दिवसभर चॅटच उघडून बघत राहिले.

*

दुसऱ्याच दिवशी चॅटवर उत्तर आलं. 'जेवलो. परंतु मी बबी नाही, सेवानिवृत्त मुख्याध्यापक आहे. अर्धा किलो चटणी पाठवावी.'

मावशी म्हणाल्या, "मास्तरला वर दोन भाकरी बी घालती. नीट सांगितलं बिचाऱ्यानं."

मग एका मुलीचं आलं. 'होस्टेलवर असते. आज कुणी विचारलंच नव्हतं.' तिनं काहीच मागवलं नाही. सरांनी ते माझ्या खांद्यावरून वाचलं. त्यानंतर प्रोफेशनल हा शब्द ऑफिसात ऐकू आला नाही.

*

एकदा चॅटवर आलेल्या माणसाचं गाव दिसलं, सुरत. खाली तीन टिंबं हलू लागली, म्हणजे पलीकडं कुणीतरी टाइप करत होतं. मी माउसवरचा हात काढून घेतला. टिंबं थांबली. हलली. परत थांबली. मग माणूस निघूनच गेला.

मावशींना सांगावं की नाही? शेवटी फोन केला. त्यांनी गावाचं नाव परत विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "तिचं असंच हाय. भूक लागली तरी सांगायची न्हाय. तू खिडकी बंद करू नगंस."

मी कधी काय बंद करते!

*

परवा दुपारी मावशी नव्या फोटोंसाठी आल्या. येताना आमच्यासाठी भाकऱ्यांची चवड आणलेली, फडक्यात बांधून. गाठ सुटते न सुटते तोच अंबादासनं एक उचलली.

तेवढ्यात टुंग! मी अशी दचकले की अर्धा चहा टेबलावर.

सुरत.

वर आमची ओळ होती, 'बबे, जेवलीस का?' तिच्याखाली टिंबं हलली, थांबली, हलली. आणि उत्तर आलं.

'न्हाय अजून.'

मी स्क्रीन मावशींकडं वळवला. त्यांनी एकेका अक्षराखाली बोट ठेवत वाचलं. मग परत पहिल्यापासून वाचलं. पदर तोंडाला लावला, काढला, आणि एकदम अंबादासकडं वळल्या. त्याची भाकरी तोंडापाशी पोचली होती.

"ए, ठेव ती खाली!"

आणि फडक्याची गाठ परत बांधू लागल्या.