बरोबरच्या जागी ‘त्र’

शहापुरात एसटी स्टँडसमोर कमळाकर भेरे यांचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, अर्ज, प्रतिज्ञापत्रं टाइप करण्यात त्यांची बावीस वर्षं गेली. छपाईआधी प्रत्येक पान त्यांची बायको मीना मोठ्याने वाचून बघायची. गेल्या माघात ती तापाने गेली. तेराव्यानंतर कमळाकरांनी दुकान उघडलं. रडू तेव्हाही आलं नव्हतं, नंतरही आलं नाही. बोटं मात्र चालत होती.

त्याच सुमारास कॉलेजातल्या नम्रता मॅडमनी प्रोग्रामिंगच्या मराठी नोट्स टाइपला दिल्या. पाड्यांवरून येणाऱ्या मुलांना इंग्रजी पुस्तक जड जातं, म्हणून त्यांनी त्या स्वतः लिहिल्या होत्या. कमळाकरांनी चार दिवसांत काम उरकलं आणि कोणी न वाचताच साठ प्रती काढल्या.

आठवड्याने उंबरमाळीची प्रेमा प्रत घेऊन दुकानात आली. कॉलेजात पहिल्या वर्षाला होती.

“काका, यातला एकपण प्रोग्राम चालत नाय. मी मोबाइलवर जसंच्या तसं टाकलं.”

त्यांनी पान पाहिलं. ‘vay = 18’ हवं तिथे ‘vay त्र 18’ असं छापलं होतं. इंग्रजी अक्षरं झाली की ते मराठी फॉन्टवर परत यायचे, आणि त्या फॉन्टमध्ये बरोबरच्या चिन्हाचं बटण दाबलं की ‘त्र’ उमटतो. हे त्यांना पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. पानभर ‘त्र’ होते. त्यांना लाज वाटली नाही, स्वतःचा रागही आला नाही.

“चुकलं माझं. सगळ्यांच्या प्रती गोळा करून आण गो.”

दुपारी मॅडमही आल्या. ओरडल्या नाहीत. “मीही तपासायला हवं होतं,” म्हणाल्या.

“मॅडम, हे चिन्ह म्हणजे वय अठराएवढं, असंच ना?”

“नाही हो. अठरा उचलायचे आणि वय नावाच्या जागेत ठेवायचे. आधी तिथे जे असेल ते पुसलं जातं.”

“आधीचं जातं?”

“जातं.”

त्यांनी खणातून पांढऱ्या शाईची बाटली काढली.

प्रॅक्टिकल सोमवारी होतं, प्रेसमधून पुन्हा छापून यायला आठवडा लागला असता. तीन दिवस कमळाकर एकेका ‘त्र’वर पांढरी शाई लावत बसले. शाई वाळली की पेनाने दोन आडव्या रेघा काढायचे. जेवणाचा डबा दोनदा तसाच परत गेला.

प्रेमा पास झाली. सांगायला आली, तेव्हा ते “बरं झालं” म्हणाले. मॅडमनी विचारलं, “पुढच्या वेळी नोट्सवर तुमचं नाव घालू?”

“घाला. नाय घातलं तरी चालंल.”

मग त्यांनी टोकावड्याच्या एका घरची लग्नपत्रिका समोर घेतली आणि वधूचं नाव टाइप करू लागले.