महेजबीन मॅडमची उत्तर दिशा

आमच्या विद्यापीठात महेजबीन मॅडम ज्वालामुखी शिकवतात. "सोलापूरचं ऊन कमी पडलं होय?" असं म्हणून मी त्यांना चिडवायचो. मी मराठीचा मास्तर, खोली त्यांच्या शेजारची. त्या चिडायच्या नाहीत. म्हणायच्या, "सर, तुमच्या पायाखाली लाव्हाच आहे. फक्त थंड झालाय."

लाव्हा थंड होताना त्या काळची उत्तर दिशा स्वतःत धरून ठेवतो म्हणे. ती शोधण्यात मॅडमची हयात गेली. करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंतचे माळ त्यांनी पालथे घातले. मुलांना एकच दम असायचा: उघड्या माळावर होकायंत्राचं ऐकायचं नाही. वीज पडलेला खडक सुई ओढतो. तिथं दिशा घ्यायची ती उन्हाच्या सावलीवरूनच.

त्यांचे वडील लालसाब गेले तेव्हा आठवडाभर आभाळ गच्च होतं. गावाबाहेर माळावर नवं कब्रस्तान झालं होतं आणि त्यातली ही पहिलीच कबर. मयताचं तोंड काब्याकडं, म्हणजे इथून पश्चिमेच्या अंगाला हवं. भाऊ गौस म्हणाला, "आपा, तूच दिशा लावून दे की." रडून डोळे सुजलेल्या मॅडमनी पिशवीतलं होकायंत्र काढून तिथल्याच एका दगडावर ठेवलं आणि खुंट्या ठोकल्या. पुढच्या सगळ्या कबरी त्याच रेषेला लागल्या. सूर्य जरा बाजूला मावळतो, असं कुणीकुणी म्हणायचं. पण मॅडमच्या यंत्रापुढं बोलणार कोण?

मग एकदा त्यांच्या आई, हुस्नाबी, मला चहा देताना म्हणाल्या, "गौसचे अब्बा सपनात येत्यात की. पण तोंड दावत न्हाईत. पाठ करून बसत्यात."

मॅडमनी कप तसाच खाली ठेवला. स्वप्नांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. तरी दुसऱ्या दिवशी लख्ख उन्हात त्या मला घेऊन माळावर गेल्या. काठी रोवली, सावली मोजली. मग होकायंत्र वडिलांच्या कबरीलगतच्या त्याच दगडावर ठेवलं. सुई हळूहळू वळत गेली आणि भलतीकडंच थांबली. उचललं की सरळ, ठेवलं की पुन्हा तिकडंच.

"कुणाला बोलू नका," त्या म्हणाल्या. मला राग आला आणि त्यांची कीवही आली. रांग वाढत राहिली.

पुढं हुस्नाबी आजारी पडल्या. शेवटच्या दिवशी लेकीचा हात धरून म्हणाल्या, "मला तरी नीट ठिव गं." त्यांना कुणीच काही सांगितलेलं नव्हतं.

मातीच्या सकाळी गौसनं बापाच्या कबरीला धरून दोरी ताणली, तेव्हा मॅडम पुढं आल्या. सगळ्यांदेखत बोलल्या, काहीही न लपवता. गौस रांगेकडं बघत राहिला.

"मग ह्यांचं काय, आपा?"

पुरलेल्या माणसाला उकरता येत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. सावली धरून एकट्या हुस्नाबींची कबर रांगेला तिरकी खोदली गेली.

महिन्याभरानं मी न राहवून विचारलं, "अम्मी दिसतात का स्वप्नात?"

"दिसते. माझ्याकडंच बघते," मॅडम म्हणाल्या. "तिच्या मागं सगळी रांग बसलेली असते, सर. पाठ करून."