मका डोक्याच्या वर गेल्यावर

आमच्या काउंटीत गाडी खड्ड्यात गेली की माणसाला देवाच्या आधी व्हर्लिन ह्रुश्का आठवतो. तो माझा मामा. नेब्रास्काच्या या कोपऱ्यात मोडक्या गाड्या ओढून आणायचा ट्रक त्याच्या एकट्याकडे आहे, आणि गेल्या तीस वर्षांत लोकांनी केलेल्या चुका त्याच्या आवारात ओळीनं उभ्या आहेत. कुठली कुणाची, हे तो न बघता सांगतो. "ही पाद्रीबाबांची. बर्फ. ही बँकेतल्या बाईंची. हरीण. ही तुझी. मूर्खपणा." शेवटची दाखवताना त्याला विशेष आनंद होतो.

सगळ्यात मागे एक निळी पिकअप आहे. तिच्या इंजिनाच्या जागेतून तुतीचं झाड वर आलंय. तिच्याबद्दल तो काहीच सांगत नाही.

ती एमिलमामाची. व्हर्लिनमामाचा धाकटा भाऊ, सोळा वर्षांचा असताना गेला. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. जे ठाऊक आहे ते आईकडून. लायसनसाठी मोठ्या माणसासोबत पन्नास तास गाडी चालवल्याचा कागद भरून सही करावी लागते. आजोबांना शेतातून फुरसत नव्हती, म्हणून तो कागद बावीस वर्षांच्या व्हर्लिननं भरला. स्वयंपाकघरात बसून, एका बैठकीत, एकाच पेनानं. त्यात त्याला काही वावगं वाटलं नाही, कारण सगळे तसाच भरतात. आमच्याकडे पोरं दहाव्या वर्षी ट्रॅक्टर चालवतात. पन्नास तास कसले मोजायचे!

एमिलला लायसन मिळालं एप्रिलमध्ये. एप्रिलमध्ये शेतं मोकळी असतात. खडीच्या रस्त्यावर आडवी येणारी गाडी दोन मैलांवरून धुळीमुळे दिसते, मग चौकात थांबायचं कशाला? पायाला तीच सवय लागते. ऑगस्टपर्यंत मका डोक्याच्या वर जातो, रस्त्याचा बोळ होतो, चौक दिसत नाही. पाय मात्र एप्रिलच्याच रस्त्यावर असतो.

ऑगस्टात एका दुपारी आवारातला फोन वाजला. कुणीतरी म्हणालं, चर्चच्या पुढच्या चौकात पिकअप आणि धान्याचा ट्रक, लवकर या. व्हर्लिनमामा टेबलावरचा आलुबुखाराचा कोलाचा, म्हणजे आमच्याकडचा गोड पाव, तोंडात धरून निघाला. कुठे ते कळलं होतं. कुणाची, कोणत्या रंगाची, ते विचारलं नाही.

त्यानंतर त्याला कोलाचा खाताना कुणी पाहिलेलं नाही. समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं, हा आमच्या भागातला रामराम. मामा त्या चौकात पोचला की समोर कुणी नसतानाही बोट उचलतो. लहानपणी मी विचारलं होतं, "मामा, कोण होतं?" तो म्हणाला, "ओळखीचा." मी मागे वळून पाहिलं होतं. नुसता मका होता.

तर अशा माणसाच्या पोटी कोरा आली.

कोरा माझी मामेबहीण. तिच्या डोक्यात विचार आणि हाताची कृती यांच्यामध्ये दारच नाही. शाळेतून दोनदा काढलं, दोनदा परत घेतलं. सकाळी गोळी घेतली की दुपारपर्यंत बरी असते. मागच्या वर्षी लोरेटामामीशी भांडताना तिनं चालत्या पिकअपमधून उडी मारली आणि कोपर मोडलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जन्मदाखल्यावरचं वय सोळा असलं तरी गाडी तेरा वर्षांचं डोकं चालवणार आहे, हे लक्षात ठेवा." पण हातात जादू आहे पोरीच्या. दोन लोखंडी पट्ट्या अशा जोडते की शिवण सापडत नाही. चाळीस मैलांवरच्या शाळेत वेल्डिंगच्या वर्गाला तिला जागा मिळाली होती. वर्ग ऑगस्टच्या अखेरीला सुरू होणार. तिथे बस जात नाही. मामी दवाखान्यात पहाटेच्या पाळीला, मामा कुणाच्या तरी खड्ड्यात. लायसन नाही तर वर्ग नाही.

मे महिन्यात तिनं कागद मामापुढे ठेवला. मामानं तो स्वतः भरला होता, एकेक तास खरा. प्रत्येक ओळ वेगळ्या पेनानं आणि प्रत्येक ओळीला ग्रीस लागलेलं. बासष्ट तास झाले होते. फक्त सही उरली होती.

"मका वर येऊ दे," मामा म्हणाला.

"बाबा, मका काय परीक्षा घेणारे माझी?"

"हो."

"आख्ख्या वर्गाला मिळालं लायसन! त्या डार्ला कुबिचेकलासुद्धा! तिला डावं-उजवं कळत नाही!"

"डार्लाच्या गाडीसाठी मी जागा राखून ठेवलीये मागे."

कोरानं स्वयंपाकघराची काच फोडली. मामानं शांतपणे नवी बसवली. जून गेला, जुलै गेला. मका रोज बोटभर वाढत होता आणि कोरा रोज खिडकीतून त्याच्याकडे वैऱ्यासारखी बघत होती. मामाही बघत होता. त्याचं बघणं वेगळं होतं.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात तो म्हणाला, "चल." कोरा चालवायला, मामा तिच्या शेजारी, मागे मी. मला का घेतलं, कळलं नाही; नंतर वाटलं, त्याला त्या रस्त्यावर साक्षीदार हवा असेल.

चर्चपर्यंत ती सुरेख चालवत होती. दोन्ही बाजूंना मका, वर आभाळाची एक चिंधी. आत कुणी बोलत नव्हतं. मामाचे दोन्ही पाय जमिनीत घुसल्यासारखे ताठ. मला शांतता सोसवत नाही, हा माझा जुना रोग.

"कोरा," मी म्हटलं, "या वेळी उडी मारणार असशील तर आधी सांग हं. मी पुढे येऊन बसतो."

आरशात तिचे डोळे दिसले.

"हीच थट्टा ऐकायला आणलंय का याला?" ती किंचाळली. "सगळ्यांना मी वेडीच वाटते! बाबा, तुम्हालापण! सही करायचीच नाहीये तुम्हाला! एमिलकाका मेला तर मी काय करू?"

गाडीनं वेग घेतला. खडी खालून ताडताड वाजायला लागली. चौक पुढे होता, म्हणजे असावा, दिसत नव्हताच. नसलेल्या ब्रेकवर मामाचा पाय दाबत चालला होता, आणि ओठ हलत होते. तो कुणाशी बोलत होता ते मला ठाऊक आहे. कोराशी नव्हे.

मग गाडी मंदावली. चौकाच्या बरीच अलीकडे कोरानं ती कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि किल्ली मामाच्या मांडीवर फेकली.

"डोकं फिरलंय माझं," ती म्हणाली. "आत्ता मी नाही चालवणार. तुम्ही चालवा. मी चालत येते." मला म्हणाली, "आणि तू नरकात जा." दार आपटून निघालीच.

मामा किती तरी वेळ किल्ली हातात धरून बसला. आडव्या रस्त्यावरून काहीच गेलं नाही. ना ट्रक, ना कुत्रं. मक्याची पानं तेवढी एकमेकांवर घासत होती.

"मामा, माझं चुकलं," मी म्हटलं.

"हो," तो म्हणाला. मग काही वेळानं, "बासष्ट तासांत ही एवढी एकच गोष्ट लिहिण्यासारखी झाली."

तो चालकाच्या जागी सरकला आणि चालत्या माणसाच्या वेगानं तिच्या मागे गाडी नेऊ लागला. चौकात ती पायीच होती, तरी थांबली. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, मग ओलांडली. मामाचं बोट नेहमीसारखं उचललं गेलं आणि खाली यायला विसरलं.

सही त्यानं त्याच संध्याकाळी केली. एमिलच्या कागदावरची सही मी पाहिली आहे. आईकडे आहे तो कागद. ती एका फटक्यात केलेली आहे. ही आडनावापाशी दोनदा थांबलेली दिसते.

आता कोरा रोज सकाळी एका जुन्या, हिरव्या गाडीतून चाळीस मैल जाते. ती निघाली की मामा गाडीचा आवाज मक्यात विरेपर्यंत फाटकाशी उभा राहतो, आणि मग आवारात त्या फोनजवळ बसतो. त्या वेळात गिऱ्हाईक आलं तर त्याला नुसतं हातानं बसवतो. हल्ली कुणाचाही फोन आला तरी तो कुठे, कसं, काही विचारत नाही. आधी एकच विचारतो. लोकांना वाटतं, म्हातारा सटकला.

परवा पावणेआठला मी तिथेच होतो. फोन वाजला. मामानं तो दोनदा वाजू दिला, मग उचलला.

"रंग?" त्यानं विचारलं.

पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला.

"हिरवा, बाबा. आणि मी धडधाकट, गाडीच्या बाजूला उभी आहे."

"बरं," मामा म्हणाला, आणि फोन ठेवल्यावरही हात त्याच्यावरून काढला नाही.