पोरं घेऊन पन्हाळ्याला

तालमीच्या कट्ट्यावर चार टाळकी जमली की पन्हाळ्याचं निघतंच. एकानं काढलं की दुसऱ्याला आठवतं, आन् दर खेपंला एक किस्सा वाढलेला असतोय. दादू पैलवान सांगाय बसला तर गडाची उंची डबल हुतीया. म्हणून म्हणलं, मीच सांगतो. मी शिंपी हाय, मापाबाहेर जात न्हाय.

म्हाराज गादीवर हुते तवाची गोष्ट. मंगळवार पेठेतनं पलटणीचे शिपाई पाठीला पिशव्या बांधून जाताना पोरांनी बघितलं, आन् आमालाबी तसंच जायचं म्हणून भुणभुण लावली. पोरं तीन. दादूचा गणपा, हसन टांगेवाल्याचा बाबू आन् माझी तानी. सगळी पाच-सा वर्साची. मी राहुटीच्या जुन्या कापडाच्या तीन बारक्या पिशव्या शिवल्या, बंद लावले. चालत जायचं, एक रात गडावर धर्मशाळेत काढायची आन् परत यायचं, असं ठरलं.

ठरलं म्हंजे कट्ट्यावर ठरलं. माझ्या घरात कुटं ठरलं? आमचा थोरला प्लेगात गेल्यापास्नं तानीची आई तिला गल्लीच्या तोंडापतोर जाऊ देत नव्हती. मला वाटायचं, पोरगी अशी कोंडून वाढू ने. लई दिवस तोंडाला तोंड चाललं, तवा कुटं ती म्हणाली, "न्या. पण गेली तशी आपल्या पायानं दारात आली पायजे. कुणाच्या खांद्यावरनं आली, तर परत कुटं धाडणार न्हाय."

तानी दाराआड उभी ऱ्हाऊन ऐकत हुती.

*

दादूचं म्हणणं पडलं, एवढं चालायचं तर पोरांच्या पायात आदी ताकद पायजे. निघायच्या आदल्या दिशी त्येनं गणपा आन् बाबूला तालमीत घातलं आन् बैठका मारायला लावल्या. पोरीला आत घेत न्हाईत म्हणून तानी कट्ट्यावर बसून बघत हुती. तेवढी वाचली.

सकाळी पिशव्या बांधून आमी हजर, आन् दोघं पैलवान दाराची चौकट धरून उभे! एक पायरी उतरता येईना. दोन दिवस तेल चोळण्यात गेले. दादूची बायको म्हणाली, "आता तुमीच ह्यास्नी डोक्यावर घिऊन जावा. तुमच्याबी बैठका हुत्याल."

*

शेवटी निघालो एकदाचं. पंचगंगेचा पूल आला न्हाय तोवर गणपा घामानं निथळाय लागला. पैलवानाचं पोर असं कसं म्हणून दादूचं तोंड उतरलं. मी पिशवी उचलून बघितली तर मलाच हिसका बसला. आत धोतराच्या फडक्यात गुंडाळून घरचा वरवंटा! म्हणं, वजन घिऊन चालल्याबिगर पाय घडत न्हाईत, आमचा बाच सांगतोय.

वरवंटा वाटंत टाकला तर घरात कोण घील? दादूनं तो कमरंला बांधून गडापतोर नेला. वर दगडावर चटणी वाटली, झकास झाली. हिकडं घरी मटणाचा मसाला वाटायचा राहिला, शेजारणीवर चोरीचा आळ आला, आन् दोघी दिवाळीपतोर बोलत नव्हत्या.

*

हसन जन्मात कदी चाललेला न्हाय. त्येचा सगळा जलम टांग्यावर. रस्त्यानं चालताना सुदिक म्होरल्याला "बाजू, बाजू" करायचा. केर्लीत आलो, तितं गुरांचा पाण्याचा हौद हाय, टांग्याचं घोडंबी तितंच पाणी पितंय. हसन त्येच्यापाशी थांबला. पटका सोडला, घाम पुसला, आन् उभाच. आमी लांब गेलो तरी ह्यो हालंना. हाका मारल्या तर हातानं थांबा म्हणतोय.

बाबू माघारी गेला आन् त्येचा हात धरून म्हणाला, "अब्बा, घोडा घरी हाय."

*

फुडं वाघबीळ. नावाला भिऊन पोरं पाय उचलतील, असा दादूचा हिशेब. वाटंभर सांगत आलता, वाघ निगाला तर मी त्येला चितपट करणार. झालं, घाटात पोरं फतकल मारून बसली. कुस्ती बघितल्याबिगर हालायचंच न्हाय! वर ऊन, फुडं चढ, आन् माझा जीव टांगणीला. पोरगी हितंच दमून बसली तर म्होरं कसं व्हायचं?

हसन लई शांतपणे म्हणाला, "वाघ म्हाराजांच्या चाकरीत हाय. आज त्येची पाळी कोल्हापुरात."

पोरं उठली. राजाच्या कामाफुडं कोण बोलणार?

*

आता माझं सांगतो, न्हाईतर दादू सांगंल. मी नव्या चपला घातल्या हुत्या. चांभार बजावून सांगत हुता, तेल पाजा, घरात वापरून मऊ करा, मग रस्त्याला काढा. मी मुद्दाम तेल पाजलं न्हाय. करकर वाजली पायजे, म्हंजे पोरास्नी कळतंय मागं कोणतरी हाय.

आन् मी काय एका जागी चालतोय? तानीला बंद काचतोय का म्हणून म्होरं, पाणी प्याली का म्हणून मागं, परत म्होरं. सगळी बसली तरी मी उभा. गडाच्या तटावरनं ती खाली वाकली तर मी तिच्या पिशवीचा बंद मुठीत धरला. ती म्हणाली, "आबा, सोडा की. मी पडत न्हाय. तुमी हालू नगा."

हसन म्हणाला, सगळी एकदा पन्हाळा चढली, शिंपी दोनदा.

*

दुसऱ्या दिशी परत येताना केर्लीच्या म्होरं तानी बोलायची थांबली. पाय ओढत चालली हुती. दादू कानात म्हणाला, खांद्यावर घे, गल्लीच्या तोंडाला उतरव, कोण बघतंय? मला पटलं, खोटं कशाला बोलू. मी खाली वाकलो. तानीनं मान हालवली आन् फुडं गेली.

मी उठाय गेलो तर उठता येईना. नव्या चामड्यानं दोन्ही पायांचे अंगठे सोलून निघाले हुते. पुलापतोर कसाबसा आलो, तितं खालीच बसलो. नगं नगं म्हणत असताना दादूनं मला उचलला आन् खांद्यावर घेतला. सगळी पेठ दारात येऊन बघाय लागली. म्होरं तानी, पाठीला पिशवी, गळ्यात माझ्या चपला.

तानीची आई उंबऱ्यात उभी हुती. तिनं पयलं पोरीचे पाय बघितले. खाली बसून, हात लावून बघितले. मग मान वर करून माझ्याकडं बघितलं.

"पोरीला परत धाडीन," ती म्हणाली. "तुमाला न्हाय."