मावशी आणि उशिरा फुलणारा मोह

माझ्या मावससासूबाईंना आजवर एकही झाड दुसऱ्या झाडासारखं दिसलेलं नाही. तुम्ही-आम्ही बल्लारपूरहून गडचिरोलीकडे निघालो की खिडकीबाहेर जंगल दिसतं. फार तर हा साग, हा मोह, हा तेंदू एवढं कळतं. मावशींना त्याच खिडकीतून एकेक झाड वेगळं दिसतं. हा साग सरळसोट वर गेलाय, शेजारच्याला कमरेतच दोन फाटे फुटलेत, पलीकडच्याची साल पिळवटलेली आहे. चालत्या गाडीतून त्या एकदम बोट दाखवून म्हणतात, "याची चण पाहा!" आणि ते झाड कुठलं हे आम्हाला कळेपर्यंत गाडी पुढच्या गावात पोचलेली असते. हिवाळ्यात वडशाकडे नाटकाला नेलं, तर सारा मंडप नायिकेच्या दुःखात बुडालेला असताना मावशी मंडपाला आधार दिलेल्या सागाच्या बल्लीवरून हात फिरवत होत्या. पडदा पडल्यावर मी विचारलं, कसं वाटलं? तर म्हणाल्या, गाठी फार आहेत, बी चांगल्या झाडाचं नव्हतं.

आयुष्यभर त्यांनी झाडं सुधारण्याचं काम केलं. म्हणजे जंगलभर हिंडायचं, एका जातीच्या असंख्य झाडांतून गुणी झाडं हुडकायची, त्यांचं बी लावायचं, आणि तो गुण झाडाच्या रक्तातला की नुसता काळ्या जमिनीचा प्रताप, हे कळेपर्यंत वर्षानुवर्षं वाट पाहायची. गहू सुधारणाऱ्याला दर हंगामात उत्तर मिळतं. मावशींनी नोकरीच्या सुरुवातीला लावलेल्या सागांचं उत्तर त्या निवृत्त झाल्या तरी आलेलं नव्हतं. याचं त्यांना काही वाटत नाही. आरमोरीला घरामागे त्यांनी स्वतःची रोपवाटिका थाटली आणि काम जणू मधल्या सुट्टीनंतर पुन्हा सुरू केलं.

माणसांनाही त्या याच डोळ्यांनी पाहतात. माझं लग्न ठरत होतं तेव्हा घरातल्या सगळ्यांनी माझा पगार विचारला. मावशींनी माझ्या दोन्ही आजोबांची उंची विचारली आणि त्यांचे दात कोणत्या वयापर्यंत टिकले तेही. मग माझ्या सासूबाईंना त्यांनी निकाल सांगितला, तो मी शेजारच्या खोलीतून ऐकला: खोड जरासं वाकलेलं आहे, पण ते बसण्याच्या सवयीनं, वंशात खोट नाही. त्या एका वाक्यावर माझं लग्न झालं असं माझी बायको अजून सांगते.

मावशींच्या खांद्यावरच्या पिशवीत दोन वस्तू कायम असतात. एक गुलेल. उंच फांदीवरची डहाळी पाडायला त्या ती वापरतात, आणि साडीवर कॅनव्हासचे बूट घातलेली, पांढऱ्या केसांची बाई एक डोळा मिटून नेम धरते तेव्हा गावातली कुत्रीसुद्धा बाजूला होऊन बसतात. दुसरी वस्तू म्हणजे रसातली साखर मोजायची एक छोटी नळी. मोहाचं फूल चुरडून त्याचा थेंब तिच्या काचेवर टाकायचा आणि नळी उजेडाकडे धरून आत पाहायचं. एका गावात लोकांना वाटलं, बाई दिवसाढवळ्या चांदण्या पाहतात. आमच्याकडे दिवाळीला आल्या तेव्हा त्यांनी गुलाबजामाचा पाक त्या नळीच्या काचेवर टाकून पाहिला, आणि माझ्या आईकडे पाहून आदराने मान हलवली. एवढी साखर त्यांना कुठल्याच झाडात सापडली नव्हती.

साऱ्या झाडांत त्यांचा जीव मोहावर. मोहाच्या फुलांवर इकडच्या कितीतरी घरांचा उन्हाळा निघतो, बियांचं तेल निघतं, आणि तरी मोह कुणी मुद्दाम लावत नाही, तो आपला जंगलात असतो, याचं त्यांना नवल वाटतं. एकदा मी सहज म्हटलं, गोड फुलांच्या झाडाचं बी आणून लावलं की काम झालं. मावशींनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. म्हणाल्या, "आई दिसते जवाईबापू, बाप कोन ते वटवाघळाले माहीत." मोहाचा पराग वटवाघळं कुठून कुठून घेऊन येतात, म्हणून एकाच झाडाच्या बिया शेजारी शेजारी लावल्या तरी एक गोड निघतं, एक फिकं, एक लवकर फुलतं, एक फुलायचं नावच घेत नाही. हे सांगताना त्यांचा आवाज खाली येतो, देवळात बोलावं तसा. तक्रार म्हणून त्या हे सांगत नाहीत. एका झाडाच्या पोटी इतक्या तऱ्हा निघतात, ह्याचा त्यांना अजूनही, इतक्या वर्षांनीसुद्धा, अचंबा वाटतो.

म्हणूनच त्यांच्या रोपवाटिकेत नापास झाडंही असतात. फिक्या फुलांचं, खुज्या वाढीचं, सगळ्यांना त्या पाणी घालतात. मी विचारलं, काऊन ठेवता? त्या म्हणाल्या की सगळं जंगल एकाच गुणी झाडाचं केलं आणि उद्या त्या झाडाला न सोसणारा रोग आला, तर कुणाकडे हात पसरायचा? आज जे बिनकामाचं दिसतं त्याच्यात काय दडलंय हे आपल्याला माहीत नाही.

आरमोरीच्या पुढे, डोंगराच्या अंगाला एका गावात मैनाबाई नावाची म्हातारी आहे. तिच्या घराण्याच्या वाट्याला आलेल्या मोहांपैकी एक झाड साऱ्या जंगलाचा मोह वेचून झाल्यावर फुलायचं. गावातले लोक त्याला आळशी म्हणायचे. मग एका वर्षी ऐन मोसमात गारा पडल्या, सगळ्या झाडांची फुलं चिखलात गेली, आणि त्या वर्षी हे एकटं आळशी झाड आपल्या वेळेला, कोरड्या उन्हात, टपोरी फुलं टाकत उभं राहिलं. मैनाबाईनं त्या वर्षी निम्म्या गावाला वाटून मोह दिला. हे कळल्यावर मावशी तिथे गेल्या आणि नळीला डोळा लावून बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. नुसतं उशिराचं नव्हे, तर गोडही होतं ते. पण म्हातारं झालं होतं, खोड पोकळ होतं. मावशींनी दोनदा त्याच्या काड्या आणून कलमं बांधली. दोन्ही वेळा वाळली. बियांची रोपं वाढली, पण ती एकेक आपल्या मनानं फुलणार. तेच झाड पुन्हा हवं असेल तर कलमाशिवाय दुसरा इलाज नव्हता.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो. आदल्या संध्याकाळी मोठं वादळ झालं होतं, आणि सकाळी मैनाबाईच्या नातवाचा फोन आला की झाड पडलं. मावशींनी चहाचा कप खाली ठेवला आणि मला म्हणाल्या, "गाडी काढा."

झाड शेताच्या बांधावर आडवं झालं होतं. पानं अजून हिरवी, तजेलदार. आपण पडलोय हे त्याला कळलंच नव्हतं जणू. मैनाबाई बुंध्यापाशी बसली होती. मावशी तिच्याजवळ गेल्या, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि मग थेट शेंड्यात शिरल्या. त्या दिवशी ज्या मावशी मी पाहिल्या त्यांना वय नव्हतं. फांद्यांतून वाकून, रांगत त्या काड्या निवडत होत्या, पानं छाटत होत्या, चीक पुसत होत्या, ओल्या गोणपाटात एकेक काडी निजवत होत्या. मला फक्त गोणपाट भिजत ठेवायचं काम होतं आणि तेही मी चुकतमाकत करत होतो. परतताना उन्हानं गाडीचा पत्रा तापला होता. मावशी म्हणाल्या, एसी लावा. मला बरं वाटलं. मग त्यांनी गाडीच्या जाळीतून येणारी सगळी थंड हवा मागच्या सीटवरच्या गोणपाटाकडे वळवली आणि आम्ही दोघं घामाने निथळत आरमोरीला आलो.

पुढचे काही आठवडे आमचं फोनवर बोलणं म्हणजे कलमांची तब्येत. आज दोन गेली. आज आणखी गेली. काड्यांना कोंब फुटले, पण कोंब फुटणं म्हणजे लागणं नव्हे, साठवलेल्या अन्नावर तेवढं होतं, असं त्या मलाच समजावायच्या. स्वतःला समजावत असाव्यात. पावसाळा संपला तेव्हा इतक्या सगळ्यांतून तीन कलमं उरली. दोन त्यांनी वाटिकेत लावली. तिसरं जुन्या झाडाच्या जागेजवळ, मैनाबाईच्या हातानं.

यंदा, चारेक वर्षांनी, ते छातीएवढं कलम फुललं. तेही सगळ्या जंगलाचा मोह आटोपल्यावर. आम्ही सकाळी पोचलो तेव्हा मैनाबाई खाली पडलेली मूठभर फुलं पदरात घेऊन बसली होती. मावशींनी नळी काढली, पण मैनाबाईनं त्यांच्या हातात फूल दिलंच नाही. आधी स्वतःच्या तोंडात टाकलं. दात नव्हते, ती ते चघळत राहिली. मावशी परीक्षेचा निकाल ऐकायला आलेल्या मुलीसारख्या समोर उभ्या.

"हा माहाच मोह आहे," मैनाबाई म्हणाली.

मावशींनी नळी न वापरताच पिशवीत टाकली.

परतताना डोंगराच्या वळणावर त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. समोर दूरपर्यंत जंगल पसरलं होतं. कुठे कोवळी तांबूस पालवी, कुठे पोपटी, कुठे अजून निष्पर्ण फांद्या. मावशींच्या गुडघ्यांनी आता असहकार पुकारला आहे, डोळ्यांचं एक ऑपरेशन झालं आहे, आणि डॉक्टरनं बांधावरून चालायला बंदी केली आहे. काचेतून त्या पाहत राहिल्या.

"यातली किती झाडं मी पाह्यलीच नाई, जवाईबापू," त्या म्हणाल्या.

आवाजात खंत होती, पण तिच्याहून जास्त नवल होतं. मी गाडी बंद केली, खाली उतरलो, त्यांच्या बाजूचं दार उघडलं आणि म्हटलं, चला, एक तरी पाहून येऊ. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, बुटांच्या नाड्या घट्ट केल्या आणि उतरण्यासाठी हात पुढे केला. इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच माझा हात मागितला होता.