कमलकाकूचा मासा

गळ टाकायचा का सोडला, असं कुणी विचारलं की मी खांद्याचं नाव पुढे करतो. खांदा दुखतो, हात वर जात नाही. बायको बिचारी तेल गरम करून चोळून देते, आणि मी निमूट चोळून घेतो! खांदा ठणठणीत आहे माझा. खरं कारण ना बायकोला ठाऊक, ना आईला, ना गावात कुणाला. आज पहिल्यांदा तोंडातून काढतोय, तेही तुमच्याजवळ. तुम्ही माझ्या गावचे नाही, म्हणूनच जीभ उचलतेय बहुधा. जवळच्या माणसाला सांगायची हिंमत असती तर ही वेळच आली नसती.

पण सांगू कुठून? मासा मेला तिथून, की त्याच्या आधीपासून? आधीपासूनच सांगतो. तेवढाच उशीर.

आमचं गाव धाम नदीच्या काठावर, पवनारच्या खाली. मी सेवाग्रामला दवाखान्यात एक्स-रे काढतो. आता राहायला पिपरी मेघेला आहे, तेव्हा गावातच होतो. दवाखान्यात एक डॉक्टर होते, शिकायला म्हणून काही वर्षं स्कॉटलंडला राहून आलेले. तिथं त्यांना एक नाद लागला होता. छोट्या छोट्या नद्यांत गुडघाभर पाण्यात उभं राहायचं आणि ट्राउट नावाचा मासा धरायचा. जाळं नाही, गांडूळ नाही, कणकेची गोळी नाही. कोंबड्याच्या मानेचं पीस घ्यायचं, रेशमाच्या दोऱ्यानं गळाच्या काट्याला बांधायचं, त्याची माशी करायची, आणि ती पाण्यावर अशी अलगद उतरवायची की माशालाच काय, आपल्यालाही ती खरी वाटावी. मासा लागला की हातात घ्यायचा, पाहायचा आणि सोडून द्यायचा. सोडून द्यायचा! मी म्हटलं, सर, मग एवढा कुटाणा कायले? ते हसले. म्हणाले, एकदा धरून तर पाहा.

त्या नद्यांबद्दल ते बोलायला लागले की मी चहा प्यायचा विसरायचो. आपल्या धामएवढ्याच म्हणे त्या. काही तर उडी मारून ओलांडाव्यात एवढ्या. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं, भर उन्हाळ्यात हात बधिर करणारं. क्वार्टरच्या मागच्या गवतावर त्यांनी मला दोरी फेकायला शिकवली. आपण माशी फेकतच नसतो, फेकतो ती दोरी. माशी नुसती तिच्या मागून जाते. कित्येक संध्याकाळी मी गवतात मासे धरले. शेवटी त्यांनी आपली एक गळाची काठी मला देऊनच टाकली.

धामवर पहिला मासा लागला तो हाताच्या पंजाएवढाही नव्हता. चांदीसारखा, पोटाला किंचित गुलाबी. काठीतून त्याची धडधड थेट माझ्या कोपरापर्यंत आली. जन्मापासून या नदीत डुंबलो, जनावरं धुतली, आणि तिच्या आत हे एवढं जिवंत काहीतरी चाललेलं असतं हे मला आत्ता कळत होतं! तुम्हाला खोटं वाटेल, पण मला रडू आलं. मी तो सोडला. बोटांतून निसटून तो गेला, आणि मी कितीतरी वेळ पाण्याकडे बघत उभा राहिलो.

मग काय विचारता! मी गावाला शहाणपण शिकवायला लागलो. जाळं टाकणाऱ्यांना सांगायचो, तुम्ही मारता, मी मारत नाही. पारावर माझी टिंगल चालायची. "गजूभाऊ मासे बाहेर काढते, त्याहिची खुशाली इचारते अन् घरी पोचवून देते!" मी हसायचो. आतून मात्र छाती फुगलेलीच असायची. सगळ्या गावात हात स्वच्छ असलेला एकटा मी, असं मला खरंच वाटायचं.

आता काकूबद्दल.

कमलकाकू आमच्या शेजारची. भाजी पिकवायची आणि बाजारात स्वतः विकायची. वांगी घ्या म्हणून ओरडली की पलीकडच्या गल्लीतलं कुत्रं जागं व्हायचं. तिचा नवरा, वासुदेवकाका, गेला तेव्हा दहाव्याला मी घाटावर होतो. आमच्याकडे एक रीत आहे. पिंडाला कावळा शिवला नाही तर ताटकळायचं नाही, पिंड घेऊन डोहाशी जायचं. घाटाच्या डोहात एक मोठा महाशीर मासा होता. किती जुना, कुणालाच माहीत नाही. त्यानं पिंड घेतला की माणूस सुखानं गेला. त्या डोहात कुणी गळ टाकत नाही, जाळं टाकत नाही. तशी पाटी नाही की पहारा नाही, पण टाकत नाहीत.

त्या दिवशी कावळा आला नाही. काकू कुणाचं न ऐकता स्वतः पाण्यात उतरली, कमरेपर्यंत, आणि तळहातावर पिंड धरून उभी राहिली. खालून एक सावली वर आली. वर येता येता ती पितळेची झाली. एकेक खवला रुपयाएवढा. त्यानं तिच्या हातावरून भात घेतला, अगदी हळू, आणि लगेच गेला नाही, तिच्याभोवती एक फेरी घातली. माझ्या अंगावर तेव्हा काटा आला, आणि आत्ता हे सांगतानाही आलाय.

त्या दिवसापासून काकूसाठी तो काकाच. रोज संध्याकाळी कणकेच्या गोळ्या घेऊन यायची आणि शेवटच्या पायरीवर बसायची. "काऊन जी, आज उशीर? कोनासंगं बसलते गप्पा हाकत?" तो यायचा. ती दिवसभराचं सगळं सांगायची. पोरगी फोन करत नाही, भेंडीवर कीड पडली, शेजारीण कशी वागली. लोक मुद्दाम ऐकायला थांबायचे. पण खरं सांगू? हसत कुणीच नव्हतं तिला. तिचा आवाज नवरा होता तेव्हासारखाच खणखणीत राहिला, हे साऱ्या गावाला बरं वाटत होतं.

आणि मी? मी तो मासा बघायचो. रोज. घाटावरच्या सगळ्यांत मागे उभा राहून. तो मला हवा होता. मारायला नाही हो, देवाशपथ नाही. हातात घ्यायला. एकदाच. त्याचं वजन दोन्ही हातांवर कसं लागेल, ते जाणून घ्यायला. असली ओढ माणसाला का लागते? जे पाहून हात जोडावेत, त्यालाच हात का लावावासा वाटतो? मी स्वतःला समजावलं की डोहात गळ टाकायची मनाई मारणाऱ्यांना आहे. मी तर सोडणारच आहे.

वैशाख होता. धाम धारेपुरती उरली होती, पाणी काय ते डोहात. सकाळी, घाटावर कुणी यायच्या आत, मी पलीकडच्या करंजाखाली उभा राहिलो. माशी मोरपिसाची होती, मीच बांधलेली. काट्याची उलटी नखी पक्कडीनं दाबून टाकली होती, त्याला इजा नको म्हणून. बघा माझा विचारीपणा! तिसऱ्या का चौथ्या फेकीला दोरी थांबली. दगडाला अडकली असेल असं वाटलं. मग तो दगड चालायला लागला.

ते कसं सांगू? आज इतक्या वर्षांनी, सगळं माहीत असूनही, ते आठवलं की माझी मूठ काठी धरल्यासारखी आपोआप वळते. काठी कमानीसारखी वाकली. सगळी नदीच दुसऱ्या टोकाला बांधली आहे असं वाटत होतं. तो डोहाच्या तळाशी जायचा, वर यायचा, पुन्हा जायचा. मला त्याला घाईनं ओढता येईना, दोरी बारीक होती. किती वेळ चाललं, मला सांगता येणार नाही. ऊन अंगावर आलं होतं. शेवटी तो कुशीवर आला आणि मी त्याला दोन्ही हातांवर घेतलं. केवढा! डोळ्याभोवती सोन्याचं कडं. तो मलाच बघत होता, किंवा मला तसं वाटलं. मी त्याला "माफ करजो" म्हटलं आणि मग... मग मी फोन दगडाला टेकवून ठेवला. फोटोसाठी. पहिला हलला म्हणून दुसरा. दुसऱ्यात त्याचं तोंड नीट येईना म्हणून तिसरा.

मग पाण्यात सोडला. तो उलटा झाला.

मी त्याला सरळ धरलं, मागेपुढे हलवलं, कल्ल्यांत पाणी जाऊ दिलं, शिकवलं होतं तसं सगळं केलं. पाणी कोमट होतं. कल्ले एकदा उघडले, आणखी एकदा उघडले, आणि राहिले. आणि हेही ऐका, मला हे माहीत नव्हतं असं नाही. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तिकडची रीत तिकडच्या थंड पाण्याची, उन्हाळ्यात आपल्याकडे काठीला हात लावायचा नाही, दमलेला मासा कोमट पाण्यात जगत नाही. सांगितलं होतं मला. मी हो म्हटलं होतं.

करंजाखालच्या रेतीत मी हातानं खड्डा केला आणि त्याला पुरलं. फोटो पुसले. मग आंघोळ करून कामावर गेलो आणि दिवसभर लोकांच्या छातीचे एक्स-रे काढले.

एवढंच असतं तर मी हे कदाचित पोटातच ठेवलं असतं. मासाच तो, असं म्हणून झोपलोही असतो. पण संध्याकाळी मी घाटावर गेलो. का गेलो, देव जाणे. काकू आली, बसली, हाक मारली. नाही आला. गोळ्या टाकल्या. बारक्या माशांनी खाल्ल्या. अंधारायला लागलं तशी ती माझ्याकडे वळली. तोंड पांढरं पडलेलं. "काल बोलली ना मी त्यायले," म्हणाली.

आदल्या दिवशी काय बोलली होती, ते मीही ऐकलं होतं. गुडघे दुखत होते, बाजारातून थकून आली होती, तर गोळ्या एकदमच पाण्यात भिरकावून म्हणाली होती, "मी नाई येत जी उद्यापासून. जेवाचं असन तं तुमीच या घरी!" घाटावर सगळे हसले होते. मीही.

"त्यायचं असंच," ती मला सांगत होती. "एक शब्द लागला की तोंड शिवून बसत. एकदा पेरनीपासून कापूस येचेपर्यंत माह्याशी बोलले नाईत. मले ठाऊक होतं ना गजू त्यायचा स्वभाव, तरी माही जीभ..." आणि तिनं आपल्याच तोंडावर चापट मारून घेतली.

मी तिथं उभा होतो. रेती अजून नखांत होती माझ्या.

काकू, मासा मी मारला. चार शब्द. काय झालं असतं? तिनं शिव्या घातल्या असत्या, गावानं वाळीत टाकल्यासारखं केलं असतं, पारावर बसायला जागा राहिली नसती, आणि माझे ते स्वच्छ हात सगळ्यांना दिसले असते. याचीच भीती. दुसरं काहीही नाही. मी म्हटलं, "येतील काकू उद्या."

ती रोज येत राहिली. हलक्या आवाजात म्हणायची, "चुकलं जी माहं. या आता." मग तेवढंही म्हणेनाशी झाली. बाजारात ओरडायची बंद झाली. भाजी मांडून नुसती बसायची, गिऱ्हाईक पुढे निघून जायचं. पोरीशीही जेवढ्यास तेवढं. ज्या जिभेनं नवऱ्याला दुखावलं, ती तिनं आवरूनच घेतली. लोक म्हणायचे, मासा गेला अन् काकूचा आवाज घेऊन गेला. मी मान हलवायचो. एकदा ठरवून तिच्या दारापर्यंत गेलो. तिनं दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मी म्हटलं, "सांबार आहे का काकू?" तिनं कोथिंबिरीची जुडी आणून दिली. मी घरी आलो आणि आईनं ती वरणात टाकली.

वर्षं गेली. मागच्या हिवाळ्यात पोरीनं तिला दवाखान्यात आणलं, छातीत पाणी झालं म्हणून. एक्स-रे मीच काढला. एवढीशी झाली होती. श्वास रोखा काकू, म्हटलं, तर तिनं लहान पोरासारखे गाल फुगवले. नंतर मी वॉर्डात जाऊन तिच्याजवळ बसायला लागलो. एका दुपारी पोरगी चहा आणायला खाली गेली होती. काकूनं माझं मनगट धरलं. आधी वाटलं, पाणी हवंय. मग ती म्हणाली, "गजू, तिकडे गेल्यावर तं बोलतीन ना रे ते माह्याशी?"

वॉर्डात आमच्याकडे बघणारं कुणी नव्हतं. गावातलं कुणी ऐकणार नव्हतं. आता माझं काहीही जाणार नव्हतं.

"बोलतील काकू," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला ते पटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली, तीच भीती घेऊन गेली, आणि मी तिला तसंच जाऊ दिलं.