दादानं लपवलेली आत्या

दादाला जाऊन महिना झाला. शेवटचा भेटलो तेव्हा त्यानं मला चोर ठरवलं. मी चहा घेऊन खाटेशी गेलो, तर ओरडला, "चोर इलो रे! भायर काढा तेका!" मी म्हटलं, "चोरूचा काय? तुझो फाटको बनियन?" एरवी हसला असता. त्या दिवशी कप भिरकावला...

कॅन्सर त्याला आणि रुसलो मी! चार दिवस त्याच्या दारात गेलो नाही, नारळ पाडत फिरलो. पाचव्या दिवशी माडावर असताना खालून हाक आली, "बाबल्या, उतर. दादा गेलो." आयुष्य माडांवर गेलं माझं, पण त्या दिवशी उतरताना पाय कुठे टेकवायचा ते कळेना.

बाराव्याला वहिनी म्हणाली, "भावजी, ते तुमका नाय बोलले. ता मॉर्फिन बोलत होता, ती दुखण्यावरची गोळी. कुडाळच्या आत्येचाय तसाच झालेला. गोळी सुरू झाली नि ती सुनेक वळखीना. ह्यांनी डोळ्यांनी बघलेला."

मला दादानं सांगितलेलं, आत्या देवाचं नाव घेत शांत गेली!

"माका कित्याक नाय सांगल्यान?"

वहिनी खाली बघून म्हणाली, "म्हणाले, बाबल्याक कळला तर तो आत्येची नक्कल करून गाव हसवीत."

खोटं कशाला बोलू... केली असती.

पण दादा, डॉक्टरांसमोर तरी? गोळी सुरू करताना त्यांनी विचारलेलं, घरात कुणाला या औषधानं भ्रम झालेला का? म्हणाले, तीच गोळी एकाला सोसते, दुसऱ्याचं डोकं फिरवते. रक्तातूनही येतं ते. आधी कळलं तर जपून देऊ, बदलून बघू. तू शेजारीच होतास. मीच शहाणा पुढे सरलो, "आमची डोकी गोळीशिवायच फिरलेली, साहेब! बाकी कोणाक काय नाय." डॉक्टर हसले. तूही हसलास, आणि गप्प बसलास. माझ्या तोंडाला इतका भ्यालास, की आपलं डोकं पणाला लावलंस? आणि वर चोर मी...

वहिनीनं त्याची फाईल मला दिली. मला वाचता येत नाही. हे लिहून घेतेय त्या माझ्या पोरीनं वाचून दाखवली. 'घरात आधी कुणाला त्रास: नाही.' मग तिनं विचारलं, "बाबा, तुमचा रगातय ताच ना?"

मला विनोद सुचला नाही.

आता ते 'नाही' कुठल्या पानावर, कितव्या ओळीत आहे, ते मला न वाचता सापडतं.